भिंतीतला गूळ

मी सासरी बोलतच नाही, असं तुम्ही म्हणता. एकदा बोलले होते, ते भिंतीला लागलंय.

आमचे हे तेव्हा घोड्यांच्या एका जुन्या पागेचं आजच्या चित्रांसाठी संग्रहालय करत होते. जुन्या भिंतींना चुन्याचा गिलावा लागतो आणि चुना घट्ट धरावा म्हणून त्यात गुळाचं पाणी घालतात. कोडोलीला सासऱ्यांचं गुऱ्हाळच आहे. जेवताना हे सहज म्हणाले, "आबा, भिंतीत घालायला खराब गूळ असला तर द्या की."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "खराब? आमच्या गुऱ्हाळात खराब गूळ निघत न्हाय! आणि चांगला भिंतीला घालायला मी काय येडा हाय?"

काम थांबलं. गूळ विकत आणावा, तर आबांनी ह्यांना घरात घेतलं नसतं. गवंडी नुसते बसून. शेवटी भाकरी वाढताना मीच हळूच म्हटलं, "मामंजी, खाल्लेला गूळ माणूस हात धुतला की विसरतो. भिंत शंभर वर्षं तुमचं नाव राखील."

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यात एक नंबरच्या पिवळ्याधमक ढेपा.

उद्घाटनाला मामंजी फेटा बांधून आले. चित्रकारानं त्यांना आपल्या भल्यामोठ्या चित्रासमोर नेऊन अदबीनं विचारलं, "कसं वाटतंय, काका?"

"चित्र झ्याक हाय," मामंजी म्हणाले. "पण पावणं, जरा बाजूला सरकवा की. मागं आमचा गूळ हाय, त्यो दिसंना झालाय."