विकेट तिकडं पडली, पण पाडली कोणी?

…आणि वर फेटा बांधला कुणाला? बजरंगला! का, तर एका मॅचला चार विकेट घेतल्या! घेतल्या, मान्य. पण तुम्हाला सांगतो, विकेट तिकडं पडली, पण पाडली कोणी?

अहो, बॉलिंग दोन टोकांनी होते! एका टोकानं बजरंग, तुफान वेग. दुसऱ्या टोकानं मी. सत्तेचाळीस वय, चार पावलांचा रनअप, पण सहाच्या सहा बॉल दांडीवर. मारायला जागा नाही, सोडायची सोय नाही! तीन बॉल गेले की बॅट्समन आभाळाकडं बघतो, चौथ्याला बॅट बदलून मागवतो… आणि समोरून त्याचा जोडीदार ओरडतो, "मार की बे! झोपलास का?" पुढच्या ओव्हरला बजरंगसमोर येतो कोण? तोच ओरडणारा! आता त्याला मारून दाखवायलाच लागतं. डोळे मिटून बॅट फिरवतो, दांडी गुल, आणि माईकवाला किंचाळतो, "बजरंगचाऽऽ कहर!"

कहर? माझी डायरी बघा. प्रत्येक बॉल लिहिलाय. सेमीपर्यंत बजरंगच्या अकरा विकेट, त्यातल्या नऊ माझ्या ओव्हरच्या लगेच पुढच्या ओव्हरला! पण आमचा कॅप्टन परमेश्वर म्हणतो कसा, "तात्या, चार मॅच, विकेट शून्य. पोरं हसायलेत. सेमीला एक तरी काढा, न्हाईतर फायनलला पवन खेळंल." मी डायरी उघडली. तो म्हणाला, "डायरी टाकणार हाय का बॉल?"

सेमीला शेवटची ओव्हर माझी. मांजरसुंब्याला पाच रन पाहिजेत, शेवटची जोडी. वाटलं, एक बॉल उंच सोडावा, लालूच दाखवावी… पण छे! इतकी वर्षं सरळ टाकलं, आता एका विकेटसाठी वाकडं टाकू? डॉट, डॉट, डॉट, डॉट. पाचव्याला तो पठ्ठ्या बॉल जागेवरच तटवून सुटला पळत! जोडीदार बोंबलतोय, "माघारी जा बे, माघारी!" तोवर मीच बॉल उचलला आणि मीच दांड्या उडवल्या. सामना जिंकला! मी दोन्ही हात वर करून, "परमेश्वर, आली का विकेट?"

"तात्या, रनआऊट हाय. ते बॉलरच्या नावावर नसतंय."

बॉल माझा, हात माझा, नाव कुणाचंच नाही! आणि वर म्हणतो, "तुमचं लिहिणं लई चोख. फायनलचा स्कोअर तुमीच लिहा."

बसलो लिहायला. समोर तेलगाव. माझ्या टोकानं पवन, पहिल्याच ओव्हरला अठरा! मग बजरंगला कोण कशाला आंगावर घेईल? त्याला आपले नमस्कार केल्यासारखे एकेक रन काढले. बजरंगच्या नावापुढं विकेट शून्य. झकास गोल काढला मी… शून्याचा हात बसलेलाच आहे!

हरलो. परमेश्वर टेबलापाशी आला, तोंड एवढंसं. "तात्या, आज बजरंगच्या टोकाला झालं तरी काय?"

"त्याच्या टोकाला काहीच झालं नाही. झालं ते माझ्या टोकाला!" आणि ठेवली डायरी पुढ्यात. विकेट तिकडं पडली, पण पाडली कोणी, वाच! पान न् पान वाचलं त्यानं. मग माझा हात धरून म्हणाला, "पटलं, तात्या! शंभर टक्के पटलं. इतकं बारीक तर कुणालाच जमायचं न्हाई… पुढच्या सालीबी स्कोअर तुमीच लिहा!"

आता बोला!