डावी मूठ

...आणि वर तो दुकानदार म्हणतो काय, "मॅडम, उजवंच घ्या, सवय होते." सवय होते म्हणे. अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या दुर्गेला जन्मात ज्यानं ज्यानं म्हणून काही शिकवलं, त्यानं हेच ऐकवलं. जेवताना डावा हात पुढे आला की आईची चापट, "उजव्यान जेव गो, सवय होतली." पहिलीत गुरुजींची पट्टी, "उजव्या हाताने लिही, सवय होते." झाली की सवय. हाताला नाही झाली, भीतीला झाली. आज बाई एकेचाळीस वर्षांची, मालवणात सरकारी कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळते, लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि अजून कुणी समोर आलं की डावा हात ओढणीखाली. सासरी पत्ता लागू दिला नाही. बायका वय लपवतात, ही हात लपवते.

मग ही पिस्तुलाच्या नादी लागली कशी? तर लेकीला, संचिताला, सुट्टीत नेमबाजीच्या शिबिराला घातलं. पोर चार दिवसांत कंटाळली आणि तिला आणायला गेलेली आईच तिथे राहिली. हवेचं पिस्तूल, दहा मीटरवर कागद, कागदावर काळा ठिपका. आवाज म्हणाल तर नुसता ‘फट्’, तरी पहिल्या दिवशी हिने डोळे घट्ट मिटले होते... पण त्या ठिपक्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं, की आत्ता आपल्याकडे कुणीच बघत नाहीय. एवढं एक सुख पुरलं तिला.

आता गंमत अशी, की स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ लाकडाची असते, हाताच्या मापाने कोरलेली, अंगठ्याला इथे खाच, तळव्याला तिथे आधार. उजव्याची मूठ डाव्या हातात बसत नाही. उजव्या पायाची चप्पल डाव्यात घालून बघा म्हणजे कळेल. शिबिर भरवणाऱ्या क्लबात पिस्तूल एकच, ते उजव्याचं, म्हणून दुर्गाही उजव्या हाताने मारायची आणि नेम मात्र डाव्या डोळ्याने. मान अशी वाकडी, की बघणाऱ्याची मान दुखावी. शिकवणारे रॉयस्टन सर चार महिने बघत होते. एक दिवस म्हणाले, "दुर्गाबाय, तुझो डोळो डावो आसा. हातय डावोच मां?"

"नाय ओ सर. उजवोच."

म्हणजे कबूल करायची हिंमत सरांपुढेही नाही.

आणि मग आली राज्य स्पर्धा. दीड महिना हातात. सर म्हणाले, क्लबाचं पिस्तूल पोरांना लागणार, तू स्वतःचं घे. झालं, बाईची झोप गेली. तुम्ही म्हणाल, वस्तूच तर घ्यायची, त्यात भ्यायचं काय? अहो, पेन कुठल्याही हातात धरता येतं, पळी धरता येते. पण डावी मूठ म्हणजे डावी मूठ. ती घरात आणून टेबलावर ठेवली की सासू बघणार, शेजारी हातात घेऊन बघणार, आणि प्रत्येकाला कळणार की ही बाई सतरा वर्षं खोटं वागली. आणि उजवी घ्यावी, तर जन्मभर मान वाकडी.

नवरा अजय तिला कोल्हापूरला घेऊन निघाला. फोंडा घाटात हिने तीनदा गाडी थांबवायला लावली. वळणांनी मळमळतंय म्हणाली. वळणांनी कसलं?

दुकानदाराने तीन पिस्तुलं काढली. एक उजव्याचं, नवंकोरं. एक दोन्ही हातांना चालणारं, मूठ सपाट, हातात गरागरा फिरणारं. आणि तिसरं कपाटाच्या तळातून, डाव्याचं, कुणीतरी मागवलं आणि न्यायला आलंच नाही. "मूठ मोठी आहे मॅडम, तुम्हाला नाही जमायची. उजवंच घ्या, सवय होते."

दुर्गेने ते तिसरं उचललं. नुसतं बघू म्हणून. आणि अंगठा आपणहून खाचेत गेला, तळव्याखाली लाकूड आलं, डोळ्यासमोर नेम सरळ, मान सरळ... आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू तिच्या हाताकडे बघून बनवली होती. आणि बाईने काय करावं? चटका बसल्यासारखं खाली ठेवलं. म्हणाली, "उजवं द्या."

अजय मागेच उभा होता. तो म्हणाला, "गो, डावा घे. तू डावखुरी आसस, ता माका लग्नाच्या चवथ्या दिवसापासून ठाऊक आसा."

दुर्गेने काउंटर धरला. "कोणी सांगला?"

"आवशीन. तू एकटी आसलस की डाव्या हातान नारळ खवणतस. आई म्हणाली, तिका हात बदलूक येळ गावूचो, म्हणान मी खोकान भायरसूनच आवाज देतंय, मगे रांदपाच्या खोलीत जातंय."

आता बघा. सतरा वर्षं सासू, सावित्रीबाई, स्वयंपाकघराच्या दारात खोकत होत्या, आणि सतरा वर्षं दुर्गा त्यांना अडुळशाचं औषध आणून देत होती. आणि त्या माऊलीने, बिंग फुटू नये म्हणून, ते चमचा चमचा घेतलंही.

दुर्गा तिथल्या स्टुलावर बसली. दुकानदाराने पाणी दिलं, ते तिने डाव्या हाताने घेतलं.

डावं घेतलं. मूठ खरंच मोठी होती, तर सावंतवाडीला, लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या चितारआळीत, सुशीलाताईंकडे नेली. जन्म लाकडी फळं कोरण्यात गेलेला. त्या कानशीने घासत होत्या आणि दुर्गा शेजारी जीव मुठीत धरून, "जास्त जाईल का ओ? गेलेलं परत येत नाही ना?" ताई म्हणाल्या, "बाय, तू जरा तळ्यार फिरान ये. तुझ्यामुळे माझो हात थरथरता." तासाने मूठ अशी बसली, की हात कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळेना.

सगळी भीती संपली, असं वाटलं ना? तिलाही वाटलं. स्पर्धेत रांगेत उभी राहिली आणि तेव्हा कळलं. पिस्तूल मारताना निशाणाकडे खांदा करून आडवं उभं राहतात, त्यामुळे उजवे नेमबाज सगळे एका अंगाला तोंड करून उभे, आणि डावी ही एकटीच उलटी. म्हणजे शेजारच्या लेनवरच्या मुलीशी थेट समोरासमोर. सव्वा तास. ती मुलगी असेल विशीतली, सोनल नावाची, हिच्याइतकीच घाबरलेली. दोघी एकमेकींचे ओठ थरथरताना बघत होत्या. दुर्गा आली एकतिसावी. सोनल बत्तिसावी. बाहेर येऊन म्हणते, "काकी, राग नका मानू, पण तुम्ही बघत होतात म्हणून माझे दोन नेम गेले."

आता पुढच्या महिन्यात नव्या वर्षाची जिल्ह्याची स्पर्धा. दुर्गेने अर्जात लिहून दिलं, शेवटची लेन द्यावी, समोर फक्त भिंत असावी. मिळाली. काल सरावाला जाऊन आली. तो हॉल एरवी नाचाच्या क्लासला देतात, त्यामुळे त्या भिंतीला आहे हा एवढा आरसा. आणि आरशातली बाई, तुम्हाला सांगतो, उजव्या हाताने नेम धरून, हिच्याकडेच बघत घाबरून उभी. आता तिला काय समजावणार?