गाभ्याच्या आतला गोळा

चैताली : सर, आधी आत तर या. बसा. मला तुम्हाला एक...

झुंबर : बसतो ना. सटाण्यापर्यंत एसटीत उभाच होतो. तुझ्या सासऱ्याला, वाळूला उठव. म्हणावं, नामपूरहून झुंबर आलाय. पृथ्वीच्या पोटातली खबर आणलीय.

चैताली : सर, बाबा...

झुंबर : मोठ्यानं बोल पोरी, ऐकू कमी येतं. तू त्याची सून ना, चैताली? आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. मी गणित, तो भूगोल. मार्केटातनं कांदा आणून वर्गात कापायचा. वरचं टरफल म्हणजे आपली जमीन. खाली प्रावरण. मग गाभा. बाहेरचा गाभा पातळ, वितळलेलं लोखंड अन् थोडं निकेल...

चैताली : आणि आतला घट्ट.

झुंबर : तुला कुणी सांगितलं?

चैताली : बाबांनीच. एवढ्या उष्णतेत वितळत कसा नाही, विचारलं होतं मी. म्हणाले, चहूबाजूंनी दाबच इतका, की लोखंडाला सुटायला जागा नाही.

झुंबर : बरोब्बर! पण त्याच्याही आत काय, असं वर्गातल्या एका पोरीनं विचारलं अन् ह्याला सांगता येईना. ते लय लागून राहिलं त्याला. आता वाचनालयात वाचलं मी. भूकंपाच्या लाटा आरपार जाऊन परत येतात, त्या तपासल्या शास्त्रज्ञांनी. आत आणखी एक गोळा हाय! लोखंडाचाच, पण लाटा त्यातनं निराळ्या जातात. उठव त्याला.

चैताली : (त्यांच्या कानाशी वाकून) सर, बाबा गेले. दिवाळीच्या आधी.

झुंबर : कुठं गेला?

चैताली : झोपेतच गेले, सर. तुम्हाला किती फोन लावले. लागतच नव्हता.

झुंबर : विहिरीत पडला फोन. नवा घेतला नाय. मला फोन करणारा तो एकटाच, म्हटलं समक्षच जाऊ. थंडी सरली की जाऊ.

चैताली : पाणी घ्या.

झुंबर : माझं नाव काढलं होतं त्यानं?

चैताली : विचारायचे, झुंबरचा फोन का येत नाही.

झुंबर : रागावला असंल.

चैताली : नाही. म्हणाले, कामात असेल.

झुंबर : मला कसलं काम, पोरी? बायको गेल्यापासनं घरात मी अन् रेडिओ.

चैताली : आजचा दिवस राहा ना. माझे मिस्टर, संघर्ष, ओझरला कारखान्यात, सेकंड शिफ्ट आहे त्यांची. मीही दिवसभर एकटीच असते.

झुंबर : नको. सटाण्याची गाडी मिळंल अजून.

चैताली : चहा तरी घ्या. केवढा आहे हो तो गोळा?

झुंबर : आतल्या गाभ्याच्या निम्म्या रुंदीचा, जवळपास.

चैताली : सर, आत बाबांचा फोटो आहे. त्यांना सांगता का?

झुंबर : फोटोला नाय जमायचं. तो मध्येच अडवून प्रश्न विचारायचा.