बदली येईपर्यंत

"रांगेत तोंडी नाम असावं, लोकांच्या बोलण्यात कान नसावेत," असं सासूबाई सांगत. या शुक्रवारी अंबाबाईच्या रांगेत माझे कान मात्र पुढच्या मायलेकांकडे गेले.

"दसऱ्यापतोर ऱ्हा की, ऋतुराज. एवढ्या मोठ्या जहाजाचं तुझ्यावाचून काय अडलंय?"

"आई, वर तीन हजार पावणं फिरायला आल्यात. खाली इंजिनाचं तेल-पाणी बघणारा बदली आल्याबगर हलत न्हाय. माझ्या जागी मुनव्वर थांबलाय."

"थांबू दे की! इंजिन काय पळून जातंय?"

"घरी यायची पाळी त्याची हुती. आबांचं आपरेशन म्हणून त्यानं मला आधी सोडलं. वीस तारखेला येतो म्हणून शब्द दिलाय."

"मग फोन कर. म्हणावं, आणि महिनाभर थांब."

"केला तर थांबंल त्यो. म्हणून तर करत न्हाय."

"त्याच्या घरी कोण हाय?"

"हातकणंगल्यात बायको हाय. पोरगी चार महिन्यांची झाली, त्यानं अजून हातात घेतली न्हाय."

रांग दोन पावलं सरकली. आई जागची हलली नाही.

"हे आत्ता सांगतोस व्हय रं मुडद्या? आजची मुंबईची गाडी कितीला?"

"अकराला. पर दर्शन?"

"आंबाबाईला काय सांगायचं ते माझ्याकडं लागलं. तू सूट."

तो आईच्या पाया पडला आणि कठड्याखालून वाकून हळूच रांगेबाहेर गेला.