जाणारी घ्यावी की येणारी?

"तिला मधे बसवू. बारीक आहे, आणि फारसं बोलतही नाही."

हे असं! माझ्याबद्दल! आणि कोण म्हणालं, तर माझी सासू, कुणाला, तर माझ्या सासऱ्यांना, कुठे, तर स्वयंपाकघरात, आणि मी कुठे, तर दाराच्या अलीकडे, हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन... बरं, मी काही कान लावून उभी नव्हते हं, कान तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कानाला यंत्र लावून "आता ऐकू आलं? आणि आता?" असं विचारत बसते मी, त्यामुळे घरात कोण कुठे काय पुटपुटलं ते मला ऐकू येतंच, त्याला माझा इलाज नाही. तर... तिला मधे बसवू. कशाच्या मधे? गाडीच्या. कुठल्या गाडीच्या? तेच तर सांगतेय! गाडी आहे कुठे?

तुम्हाला सांगते, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गाडी होती. जुनी होती, दार जोरात ओढलं तर काच आपोआप खाली यायची, पण होती. मग बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मनात आलं की नवी घ्यायची. चांगलं आहे! पण कुठली, हे काही ठरेना, तेव्हा या मंडळींनी काय केलं असेल? जुनी विकून टाकली! आधी! "म्हणजे मग आपल्याला ठरवावंच लागेल," असं माझा नवरा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आता जगात लोक नवं घेतात आणि मग जुनं विकतात, पण आमच्याकडे स्वतःवर दबाव आणायची ही पद्धत. आणि आला का दबाव? छे! बाबा रोज सकाळी खाली जातात, गाडीची रिकामी जागा झाडतात, तिच्याकडे प्रेमाने बघतात आणि वर येऊन म्हणतात, "घाई नको. थांबायला काय जातंय?"

थांबायला काय जातंय! हे वाक्य नाही, हा या घराचा पाया आहे. कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं होतं तेव्हा नवं येणार म्हणून थांबले, ते आलं तेव्हा त्याच्या पुढचं येणार म्हणून थांबले, आणि त्या सगळ्या काळात सासूबाई बादलीत कपडे बुचकळत होत्या. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा ठरली कशी? त्या दिवशी बाबांचा घसा बसला होता म्हणून ठरली! नाहीतर मी अजून माहेरीच असते.

तर भानगड अशी. वर्ष संपत आलेलं. आमच्या मनात भरलेल्या गाडीचं आत्ताचं मॉडेल जाणार आणि नव्या वर्षाचं येणार. जाणारी दुकानात उभी आहे, हात लावून बघता येते, वर सूट मिळते. येणारी अजून फक्त फोटोत आहे, पण तिचा नकाशा दाखवणारा पडदा मोठा आहे, दिवे तिरपे आहेत आणि मागे पाय ठेवायला चार बोटं जागा जास्त आहे. झालं! घरात दुसरा विषयच नाही. "जाणारी घेतली आणि लगेच येणारी आली, म्हणजे आपण मूर्ख!" "आणि येणारीसाठी थांबलो आणि ती आलीच नाही, म्हणजे?" "म्हणजे थांबून मूर्ख!" लग्नाला पाच महिने झालेल्या मुलीने जेवताना हे सगळं ऐकून काय समजायचं, सांगा मला.

नवऱ्याचं तर विचारूच नका. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याला कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू पटतात. "तसं बघायला गेलं तर जाणारी चांगली. तिच्यातल्या सगळ्या खोड्या आतापर्यंत कळून चुकल्यात, दुरुस्त झाल्यात..." मी मनात म्हणते, चला, गाडी निघाली घरी यायला! तेवढ्यात तो श्वास घेतो. "पण दुसऱ्या बाजूने बघायला गेलं तर..." दुसरी बाजू! त्याला दुसरी बाजू नसती तर आज आमच्याकडे दोन गाड्या असत्या. आणि बाबा? "आता घेतली तर कागदावर हे वर्ष लागणार. महिन्याभरात वर्ष बदललं, की गाडी एका रात्रीत वर्षाने म्हातारी. दहा वर्षांनी विकायला गेलो की घेणारा काय म्हणेल?" अहो, दहा वर्षांनी विकायची चिंता, आणि अजून घेतलेलीच नाही! मधेच नणंदेचा फोन येतो, तो मोठ्या आवाजावर टेबलाच्या मधोमध ठेवतात, पाहुण्यासारखा. "दादा, फसू नकोस हं! पहिल्या खेपेची गाडी कधी घेऊ नये! आणि जुन्या खेपेची तर मुळीच घेऊ नये!" मग कुठल्या खेपेची घ्यावी? हे विचारेपर्यंत तिने फोन ठेवलेला असतो.

आणि मग तालीम! हो, तालीम. तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावतेय, पण खरंच सांगते. बाबा नोकरीत असताना दुकानोदुकानी वजनमापं तपासत हिंडायचे, त्यामुळे आकडा ऐकला की तो जमिनीवर आखून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका रविवारी सोफा भिंतीला लावला, खडूने फरशीवर आधी जाणारी आखली, तिच्याबाहेर दुसऱ्या रंगाने येणारी आखली, आणि जेवणाच्या खुर्च्या आत मांडल्या. पुढे बाबा. पाय लांब करून, डोळे मिटून, "हं... हं... बरं आहे." मागे खिडकीशी सासूबाई, गुडघ्याखाली उशी घेऊन. दुसऱ्या खिडकीशी नवरा, कारण त्याला वारा लागतो. कुठला वारा? दिवाणखान्यात! आणि दोघांच्या मधे, दोन खुर्च्यांच्या फटीत, एका स्टुलावर, गुडघे हनुवटीला लावून... कोण? बारीक आहे, आणि फारसं बोलतही नाही! ड्रायव्हरच्या खुर्चीवर बाबांनी टेप आणि खडूचं खोकं ठेवलं होतं. दोन तास बसलो आम्ही. जाणारीत तासभर, मग खुर्च्या चार बोटं मागे ओढून येणारीत तासभर. सासूबाई म्हणाल्या, "मला तर काही फरक जाणवत नाही." नवरा म्हणाला, "तसं बघायला गेलं तर जाणवतो." आणि बाबा उठले, गुडघ्यावरचा खडू झटकला आणि म्हणाले, तुम्हीच सांगा काय म्हणाले... "थांबायला काय जातंय!"

आता इथे माझी खरी गोची. माझ्या मॅडमनी, म्हणजे दवाखान्याच्या मालकीणबाईंनी, गावाबाहेर नवी शाखा काढली. कारखान्यांच्या बाजूला, कारण तिथे यंत्रांच्या आवाजाने माणसांचे कान जातात आणि तपासायला कोणी नाही. त्या मला म्हणाल्या, "ती शाखा तू सांभाळ. सगळी. तुझी खोली, तुझं यंत्र, तुझ्या हाताखाली एक मदतनीस. पण तिकडे बस जात नाही, तुझं तू यायला हवंस. जमेल?" जमेल? माहेरी वडिलांचा छापखाना, छापलेला माल पोचवायची व्हॅन कॉलेजात असल्यापासून मीच चालवायची, गल्लीबोळांतून, उलटी सुद्धा! जमेल म्हणजे काय! पण तोंडातून बाहेर काय पडलं? "घरी विचारून सांगते." मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत सांग. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे."

घरी विचारून सांगते! आणि घरी विचारायला फट तर मिळायला हवी ना! सोमवारी तोंड उघडलं, "आई, मला एक..." "अगं थांब, ते तिरप्या दिव्यांचं सांगतायत." मंगळवारी नवऱ्याला एकट्याला गाठलं, म्हटलं, "ऐक ना, मला एक सांगायचंय." तर तो मोबाइल पुढे करून म्हणतो, "आधी हे बघ, येणारीत कप ठेवायला मागेसुद्धा जागा आहे." बुधवारी बाबांपाशी गेले, तर ते म्हणाले, "बोल, बोल," आणि मी बोलणार तेवढ्यात नणंदेचा फोन! मी काय करणार? मी तशीच आहे, माझा आवाज गर्दीत वर चढत नाही, दवाखान्यात सगळे गप्प बसून माझं ऐकतात तेच मला परकं वाटतं. गुरुवारी मी बसमधे उभी राहून स्वतःशी म्हणत होते, जाऊ दे, पुढच्या वेळी, एवढं काय, थांबायला काय... आणि दचकलेच हो! मलाही लागलं! त्या घराचं मलाही लागलं! बाजूच्या बाई माझ्याकडे बघून सरकून उभ्या राहिल्या.

शुक्रवारी माझी सुट्टी, आणि दुपारी शोरूममधून फोन. "सर, जाणारीतली आता एकच उरलीय. संध्याकाळपर्यंत दुसरं गिऱ्हाईक येतंय. आणि येणारी... ती अजून लांबलीय, कधी येईल आम्हालाही माहीत नाही." घरात नुसती पळापळ! टॅक्सी केली, चौघं कोंबलो, आणि हो, मी मधेच. शोरूम म्हणजे सगळी काच आणि चकचकाट, आणि कोपऱ्यात ती एकटी उभी. बाबांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, टायरला बोटाने टोचून बघितलं. सासूबाई मागे बसल्या आणि उतरल्या आणि बसल्या. नवरा एक दार लावून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "तसं बघायला गेलं तर..." तिथली विक्री करणारी मुलगी, चुणचुणीत हं, हसून म्हणाली, "रोज चालवणार कोण? त्यांना आत बसवा, त्यांच्या मापाने सीट लावून देते."

बाबांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा घरूनच काम करतो, त्याचं ऑफिस म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीतलं टेबल. नवऱ्याने बाबांकडे बघितलं. बाबा निवृत्त, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे जात नाहीत, आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते "चालवायची इच्छा नाही" असं म्हणतात. दोघांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हातच जोडले. म्हणजे बघा! इतके महिने, इतके फोन, फरशीवर दोन रंगांचा खडू, दहा वर्षांनी कोण विकत घेईल त्याचा विचार, आणि रोज चालवणार कोण, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही! बाबांनी घसा साफ केला. मला कळलंच आता काय येणार. "मी म्हणतो, एवढी घाई कशाला? थांबायला काय..."

आणि माझ्या पर्समधे फोन वाजला. मॅडम. "अगं, शुक्रवार आहे आज. हो की नाही? ती दुसरी मुलगी इथे समोर बसलीय माझ्या."

आणि तुम्हाला सांगते, मला माझाच आवाज ओळखू आला नाही! काचेवर आपटून परत आला! "हो मॅडम! सोमवारपासून येते! गाडी घेऊन येते!"

सगळे माझ्याकडे वळले. ती विक्रीवाली मुलगीसुद्धा. "कुठे येते?" नवरा. "कुठली गाडी?" बाबा. "तुला चालवता येते?" हे सासूबाई. मी ड्रायव्हरचं दार उघडलं, आत बसले, त्या मुलीने सीट पुढे सरकवून दिली, आरसा माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणला, आणि त्या आरशात मला तिघं दिसले, एका ओळीत, तोंडं उघडी. मी सगळं सांगितलं. शाखा, कारखाने, वडिलांची व्हॅन, तिकडे बस जात नाही ते, एका दमात, मधे कोणाला बोलूच दिलं नाही, मलाच नवल वाटलं. म्हटलं, "बाबा, थांबलो तर माझी शाखा जाते. येणारी येईल तेव्हा येईल, मला सोमवारी जायचंय. मी हीच चालवणार."

बाबांनी खिशातला टेप काढला, परत ठेवला, आणि त्या मुलीला म्हणाले, "कागद आणा." आयुष्यात पहिल्यांदा! नवरा म्हणाला, "तसं बघायला गेलं तर..." आणि नुसता हसला, आणि त्या हसण्याला मात्र एकच बाजू होती.

राहता राहिल्या सासूबाई. त्या दोन पावलं मागे सरकल्या, पदराने डोळे पुसल्यासारखं करून नीट बघितलं आणि किंचाळल्याच, "अगं पण हा रंग बघितलास का? खोकल्याचं औषध सांडल्यासारखा! म्हणूनच उरलीय ती! येणारीत तरी बरा रंग असेल गं... अजून जरा..."

मी काच खाली केली. रंग खरोखरच भयंकर होता, तेच औषध, तेच, आणि चमच्याभर नाही, बाटलीभर. मी म्हटलं, "कबूल आहे, आई. पण आत बसलं की तो आपल्याला दिसत नाही, लोकांना दिसतो. बसा."