हरेश तांडेलाचा ‘आ’

...आणि म्हणायचं काय, तर नुसतं ‘आ’! त्यासाठी अर्नाळ्याहून विरारला यायचं, दोन तास दवाखान्याच्या बाकावर बसायचं, आणि आत गेल्यावर माईकसमोर पाच सेकंद ‘आऽऽ’! तुम्हाला सांगतो, हरेश तांडेलाला हे पटावं कसं? ज्याच्या हाकेवर सहा खलाशी जाळं ओढतात, जो किनाऱ्यावरून बोटीला साद घालतो तेव्हा तिकडं वटारच्या वाडीत केळी दचकून पिवळी पडतात... हसू नका, मी स्वतः खाल्लीयेत!... त्याचा आवाज चार महिने बसलेला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूवर मुगाएवढी गाठ. “साधी आहे, घाबरू नका. सहा आठवडे आवाजाचे व्यायाम करा, ओरडू नका. मशीनवर आवाजाच्या थरथरीचा आकडा उतरला नाही, तर मात्र कापू.”

कापू! हरेशनं दोन्ही हातांनी गळा झाकला, ते हात घरी पोचेपर्यंत काढले नाहीत. तेव्हापासून एकच ध्यास. आकडा म्हंजे आकडा!

पहिला आकडा आला दोन पूर्णांक चार. हवा होता एकच्या खाली. आवाज मोजणारी ज्ञानदा, कोवळी पोर पण कामात मन घालणारी, म्हणाली, “काका, थरथर जरा जास्तच आहे.” असणारच हो! ‘शांतता राखा’ ही पाटी वाचून आलेला माणूस, देवापुढं पुटपुटावं तसा ‘आ’ म्हणाला होता.

मग व्यायाम. काय, तर स्ट्रॉनं पाण्यात बुडबुडे काढत गुणगुणायचं! बोटीवर खलाशी विचारायचे, “तांडेल, पानी उकळलं काय?” आठवडाभरात स्ट्रॉ समुद्रात. आणि समुद्रात ओरडू नका म्हणजे... इंजिनाला काय कानात सांगायचं?

सहा आठवड्यांनी पुन्हा माईक. सुरी डोळ्यांपुढं, आणि हरेशनं जी बोटीला घालायची साद घातली... बाहेर नंबर लावून बसलेले तिघे उठून आत आले! आकडा? शून्य पूर्णांक आठ! हरेशनं तिथंच पेढे मागवले. आकडा म्हंजे आकडा!

बायको कमळी कोपऱ्यात उभी होती. पेढा हातातच. “मॅडम, पन घरी ह्यांचा आवाज तसाच फाटलेला हाय.”

“तुला काय कलतं गं? मशीनपेक्षा तुझे कान मोठे काय?”

ज्ञानदा थबकली. तिनं त्याला पुन्हा बसवलं. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. दोन पूर्णांक तीन. दीड. शून्य पूर्णांक आठ. माणूस तोच, खुर्ची तीच, दहा मिनिटांत तीन आकडे!

“मंग खरा कंचा?”

“तिन्ही खरे, काका. हळू बोललं की थरथर जास्त दिसते. पहिल्या दिवशी तुम्ही किती जोरात बोललात ते मी लिहिलंच नाही, चूक माझी. आणि काका... ज्या ओरडण्यानं आकडा सुधारतो ना, त्याच ओरडण्यानं गाठ वाढते.”

तुम्हाला सांगतो, हरेशनं हातातला पेढा खोक्यात परत ठेवला.

ज्ञानदानं नवा नियम घातला. मशीनपुढं दर वेळी एकाच जोरात ‘आ’, ते ठीक, पण तेवढ्यावर भागायचं नाही. संध्याकाळी अर्धा तास कमळीशी साध्या आवाजात बोलायचं. आवाज कसा, ते कमळी सांगणार. लग्नाला सत्तावीस वर्षं, आणि अर्धा तास! पहिल्या दिवशी डिझेल झालं, दुसऱ्या दिवशी जाळं, तिसऱ्या दिवशी विषयच संपले. चौथ्या दिवशी सुकत घातलेल्या बोंबलांकडं बघत हरेश म्हणाला, “बाबा बोलत बोलत ऑपरेशनला गेलता. गळ्याच्याच. आला तो मुका. दोन वर्षं खुणा करून गेला.” हे तिच्या लग्नाआधीचं; कमळीला माहीतच नव्हतं. घरात कुणालाच त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

पुन्हा सहा आठवडे. मध्यम आवाजात आकडा दीड होता, दीडच राहिला. ज्ञानदानं मशीनवरून नजर काढली. “मावशी, तुम्ही सांगा.”

हरेश मागून खुणा करत होता, बरा हाय म्हन, बरा हाय म्हन...

“सकाळी बरा असतो,” कमळी म्हणाली, “दुपारपर्यंत फाटतो. कापा, मॅडम. बाबांचा रोग वेगळा होता, मी डॉक्टरांना इचारलंय.” मग नवऱ्याकडं वळून, “भ्या नका. मी हाय.”

नुसता आकडा असता, तर हरेशनं वाद घातला असता.

ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आला. ज्ञानदा म्हणाली, “ऑपरेशननंतर सात दिवस एक शब्दही बोलायचा नाही.”

“सात दिवस?” कमळीचा चेहरा उतरला. “मंग आमचा अर्धा तास?” थोडा विचार करून तिनं पदर खोचला. “असू दे. मीच बोलते. सत्तावीस वर्षांचं साचलंय.”

हरेशनं दाराकडं पाहिलं. मग हात पुढं केला.

“पेन द्या.”