अवरे सोलायचा कट्टा

(सुभद्राबाई, येलहंका जुनं गाव. त्यांनी सांगितलं तसं.)

आम्ही येलहंक्याचेच. मूळ कुठलं ते विचारू नका, तीनचारशे वर्षांमागं फौजेबरोबर आलो म्हणतात, कोण बघायला गेलंय. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. माझी सून पुण्याची, ती म्हणते, अहो आई, तुमची मराठी अर्धी कन्नडच आहे. असू दे की! भांडायला पुरते, तेवढी बास.

आमचा धंदा शिवणकामाचा. माझं मशीन दाराजवळ, आणि दारापुढं हा दगडी कट्टा. जन्मभर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले मी. माप द्यायला आलेली बाई कधी माप देऊन गेली नाही, आधी कट्ट्यावर बसायची, सासूचं सांगायची, जावेचं सांगायची, मग हात वर करायची. गल्लीत कुणाकडं काय चाललंय ते मला घरबसल्या कळायचं.

आणि थंडीत अवरेकाई. वालाच्या शेंगा हो, पण इथल्या अवरेचा वासच वेगळा, सोगडु म्हणतात त्याला, हाताला चिकटतो तो दोन दिवस जात नाही. दाणे काढायचे, भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन भांड्यात. एकटीनं बसलं तर वेड लागेल असलं काम. म्हणून सगळ्या आपापलं पातेलं घेऊन माझ्या कट्ट्यावर. आणि सालं काय करायची? रस्त्यावर, आपापल्या दारापुढं! ती रीतच होती. जाणाऱ्या माणसाला कळायला पाहिजे ना, आज या घरात अवरेचं सारू, आमटी हो, आहे.

समोर कमलक्का राहायची. माझ्याच वयाची, पण सगळ्या गल्लीची अक्का. ती कधी दाणा सोलायची नाही, ती पेपर वाचायची. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, मग आम्ही सोलायचं आणि तिनं वाचायचं. नुसतं वाचेल तर ती कमलक्का कसली. सोन्याचा भाव वाचला की आधी स्वतःच्या कानातलं चाचपायची. मंत्र्याची बातमी आली की म्हणायची, याच्या आईनं लहानपणी दोन द्यायला पाहिजे होत्या. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खणणार, कुणाचा मुलगा पास झाला, सगळं तिच्या तोंडून. पेपर संपला की गल्लीची बातमी, ती तर त्याहून लांब.

तिचे यजमान गेले, मग मुलानं घर बिल्डरला दिलं. आता समोर बघा, चार मजले. माझे कपडे वाळायचे बंद झाले त्या सावलीनं. कमलक्का गेली लांब के. आर. पुरमला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, आठव्या मजल्यावर. फोन करायचो. तिला ऐकू कमी, मग मी ओरडायची, ती पण ओरडायची, ऊटा आयता, जेवलीस का, एवढंच चार वेळा आणि ठेवायचं.

आता गल्लीचा ग्रुप आहे फोनवर. सून आहे त्यात, कमलक्काचा मुलगा पण आहे, त्याचा एक फ्लॅट समोर आहे म्हणून. काय सांगू तुम्हाला, त्या ग्रुपात दिवसभर नुसत्या तक्रारी. कुणाचं कुत्रं भुंकलं, कुणाची गाडी आडवी लागली, लिफ्ट बंद, प्लंबर पाहिजे. समोर राहणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याचा नळ गळतो ते माहीत आहे! यंदा मी दारापुढं सालं टाकली तर एका मुलीनं फोटो काढून घातला, हा कचरा कुणाचा म्हणून. आणि माझ्या मुलानं सुनेच्या फोनवरून माफी मागितली. माझ्या वतीनं! मला न विचारता!

मग ग्रुपात मुलाच्या गाडीवरून सुरू झालं. रस्त्यावर लावू नका, लावू नका. तर हा म्हणतो, अम्मा, कट्टा फोडूया, गाडी आत येईल. मी म्हटलं, आणि मी कुठं बसू? आत बस, फॅनखाली. मग मला गल्लीचं काय कळणार? अम्मा, ग्रुपात सगळं येतं की. मेस्त्रीला सांगून पण आला, मुनियप्पाला.

मेस्त्री येणार त्याच्या आदल्या दिवशी मी अवरे सोलली आणि म्हटलं, कमलक्काला थोडी पाठवूया. फोन लावला. तिच्या मुलानं उचलला. म्हटलं, अरे, अम्माला दे. तो मग म्हणाला, अम्मा जाऊन महिना झाला की अक्का. मी ग्रुपात घातलं होतं. तुमच्या घरातून हात जोडले होते की.

आमच्या घरातून. हात जोडले होते.

सुनेला विचारलं. तिनं फोन काढून मागचं बघितलं. त्यात इंग्रजीत लांबलचक नाव होतं म्हणे, मागं यजमानांचं आडनाव, कुणी घातलं ते तिनं बघितलंच नाही, तिला काय माहीत ही कमलक्का. सगळ्यांनी हात जोडले, तिनं पण बोट दाबलं, खाली लगेच प्लंबरचा नंबर आला. रडली बिचारी. तिला काय बोलू? माझ्या कमलक्काच्या तेराव्याला मी इथं बसून कुणाच्या तरी ब्लाउजची हुकं लावत असणार. भयंकर राग आला मला, अजून जात नाही, आणि कुणावर काढू तेही कळत नाही.

सकाळी मुनियप्पा घण घेऊन आला. मी कट्ट्यावर बसलेली, पुढं टोपलीभर शेंगा. तो म्हणाला, अम्मा, स्वल्प उठा. मी म्हटलं, सोलून होऊ दे. तासभर उभा राहिला, मग बसला, मग त्यानं पण शेंगा हातात घेतल्या. मुलगा आतून दोनदा येऊन गेला. माझं तोंड बघितलं आणि गाडी काढून ऑफिसला गेला. मुनियप्पा घण घेऊन घरी गेला.

मुलगा म्हणतो, अवरे संपू दे, मग फोडू. सरी, बरं, म्हटलं, मग कोथिंबीर निवडीन. मेथी निवडीन. मी आहे तोवर फोडायचा नाही. मी गेल्यावर काय ते करा, गाडी लावा, दोन लावा, माझा आशीर्वाद आहे. फक्त त्या दिवशी फोन खाली ठेवा आणि चार दारं वाजवून सांगा, सुभद्रा गेली. आणि हात जोडायचे असतील त्यांनी इथं येऊन जोडा, माझ्या तोंडाकडं बघून.